विश्लेषण : ‘मी काम केलो’ खरंच चूक आहे? आणि विषाणू ‘मारला’ की विषाणूला ‘मारलं’?

मी मेसेज पाठवला. मी फाइल पाठवली. मी बिल पाठवलं. पाठवणारी व्यक्ती एकच, पाठवण्याची क्रियाही एकच, तरी क्रियापदाने तीन वेगळी रूपं घेतली. पाठवणारा पुरुष आहे की स्त्री, हे या तिन्ही वाक्यांतून कळत नाही. कळतं ते एवढंच, की मेसेज पुल्लिंगी, फाइल स्त्रीलिंगी आणि बिल नपुंसकलिंगी.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. पण मराठी नंतर शिकलेल्या माणसाची जीभ नेमकी इथेच अडखळते. तो ‘मी फाइल पाठवलो’ म्हणतो आणि समोरचा गालातल्या गालात हसतो. शाळेच्या वहीत याच वाक्यावर लाल रेघ येते. कर्मानुसार क्रियापद बदलण्याची ही पद्धत मराठीत आली कुठून, इतर भाषांत ती कशी आहे आणि विषाणू-जिवाणूंच्या बातम्या लिहिताना ती का आडवी येते, ते पाहू.

खडकीत हा प्रश्न रोज का पडतो?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात खडकीची लढाई झाली. त्यानंतर इथे लष्करी छावणी वसली. इंग्रजांच्या कागदांत हे गाव ‘किर्की’ झालं. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना आला. बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालयही इथेच आहे. छावणी आणि कारखाना म्हटलं की देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, आणि त्यांच्यामागून त्यांच्या भाषा. खडकी बाजारात एकाच दुकानासमोर मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू कानावर पडते आणि गिऱ्हाईक बदललं की दुकानदारही भाषा बदलतो.

यातल्या बऱ्याच भाषांना ‘कर्मानुसार क्रियापद’ हा प्रकार माहीतच नाही. तमिळमध्ये ‘मी खाल्लं’ हे ‘सापिट्टेन्’. शेवटचं ‘एन्’ म्हणजे मी. खाल्ली पोळी की आंबा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेलुगूत ‘तिन्नानु’, कन्नडमध्ये ‘तिंदे’. इथेही शेवट सांगतो तो खाणाऱ्याबद्दल. आता ही भाषा घरी बोलणारं मूल मराठी शाळेत गेलं आणि ‘मी पोळी खाल्लो’ म्हणालं, तर ते गोंधळलेलं नाही. त्याच्या डोक्यात एक पक्का नियम आहे. फक्त तो पुण्याच्या पाठ्यपुस्तकातला नाही.

मराठीचा नियम नेमका काय?

शाळेत हा भाग कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून शिकवला जातो. बहुतेकांना त्यातले गुण आठवतात, नियम आठवत नाही. प्रोग्रॅम लिहायचा झाला तर तो तीन ओळींत मावतो.

पहिली ओळ : कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्यानुसार चालतं. ‘मुलगा पोळी खातो’, ‘मुलगी पोळी खाते’. दुसरी ओळ : कर्त्याला ‘ने’ लागला असेल तर कर्माकडे बघा. कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्मानुसार चालतं. ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलीने आंबा खाल्ला’. तिसरी ओळ : कर्मालाही ‘ला’ लागला असेल तर क्रियापद कोणाकडेच बघत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. ‘आईने मुलाला उठवलं’, ‘आईने मुलीला उठवलं’, ‘आईने मुलांना उठवलं’. तिन्ही ठिकाणी ‘उठवलं’.

म्हणजे क्रियापदाला फक्त प्रत्यय नसलेलं नाम दिसतं. ‘ने’ किंवा ‘ला’ चिकटला की ते नाम क्रियापदाच्या नजरेआड होतं.

मग ‘तू’चं काय? ‘तू पोळी खाल्लीस’, ‘तू आंबा खाल्लास’, ‘तुम्ही पोळ्या खाल्ल्यात’. ‘खाल्ली’ हे पोळीनुसार आणि शेवटचा ‘स’ तू-नुसार. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघांचे शिक्के. हिंदीत हे नाही. ‘तूने रोटी खाई’ यात ‘खाई’वर फक्त रोटीची छाप आहे. मराठीचा हा दुहेरी शिक्का भाषाशास्त्रात आवडीने चर्चिला जातो. पुणेकर तो दिवसातून शंभरदा वापरतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

नियम म्हटला की अपवाद आले. ‘मी धडा शिकलो’, ‘मी चहा प्यायले’, ‘मी किल्ली विसरलो’, ‘ती साडी नेसली’. इथे कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे, पिणे ही मोजकी क्रियापदं अशी हट्टी आहेत. काही आता मऊ पडत चालली आहेत. ‘तिने साडी नेसली’ आणि ‘मी चहा पिला’ सर्रास ऐकू येतं. क्रीडा पानावर तर ‘भारताने सामना जिंकला’ आणि ‘भारत सामना जिंकला’ दोन्ही छापून येतात आणि कोणी तक्रार करत नाही.

कर्माला हा मान मिळाला कसा?

याचं उत्तर संस्कृतात आहे. ‘त्याने फळ खाल्लं’ हे संस्कृतात दोन प्रकारे सांगता येई. त्यातली एक पद्धत होती ‘तेन फलं खादितम्’. शब्दशः अर्थ, ‘त्याच्याकडून फळ खाल्लेलं’. यात ‘खादितम्’ हे मुळात क्रियापद नसून फळाचं विशेषण आहे. विशेषण नामाच्या लिंग-वचनानुसार बदलतं, जसं पिकलेला आंबा, पिकलेली पपई, पिकलेलं केळं. प्राकृताच्या काळात भूतकाळाची जुनी रूपं मागे पडली आणि ही विशेषणवाली रचनाच भूतकाळाचं काम करू लागली. पुढे तिला ‘ल’ चिकटला आणि मराठीला ‘खाल्ला-खाल्ली-खाल्लं’ मिळालं. विशेषणाचं क्रियापद झालं, पण नामामागे जायची सवय सुटली नाही.

हिंदी, गुजराती, पंजाबी, काश्मिरी, सिंधी या भाषांनीही ती सवय कमी-अधिक जपली. बंगालीने सोडून दिली. तिथे ‘खाल्लं’ हे खाणारा ‘मी’, ‘तू’ की ‘तो’ यानुसार बदलतं, लिंगानुसार नाहीच. गुजराती मात्र मराठीच्याही पुढे गेली. तिथे कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद त्याचा माग सोडत नाही. ‘रामाने सीतेला पाहिलं’ हे गुजरातीत ‘रामे सीताने जोई’. ‘जोई’ हे स्त्रीलिंगी रूप सीतेमुळे आलं. गंमत अशी की त्यातला ‘ने’ हा आपला ‘ला’ आहे.

मराठीच्या या वागणुकीची नोंद जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं व्याकरण १८३६ चं. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं, आणि प्रयोगांची इतकी बारीक चिरफाड नंतरही फार थोड्यांनी केली. खडकीतून मुळा ओलांडून येरवड्याला गेलं की डेक्कन कॉलेज लागतं. १८२१ मध्ये सुरू झालेली आणि १९३९ पासून संशोधन संस्था म्हणून चालणारी ही जागा भारतीय भाषाशास्त्राच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. अशोक केळकर इथलेच. रमेश धोंगडे यांनी काशी वली यांच्यासोबत मराठीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये आला आणि परदेशातले अभ्यासक मराठीची वाक्यं त्यातून उचलतात.

‘मी काम केलो’ म्हणणारे चुकतात का?

सोलापूर, बेळगाव, कर्नाटक-तेलंगणाला लागून असलेला मराठवाडा इथे ‘मी काम केलो’ हे बोलीत नित्याचं आहे. पुण्यात नोकरीला आलेला त्या भागातला मुलगा हे एकदा बोलतो, हशा होतो आणि त्यानंतर तो मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलू लागतो. रील्सवर या वाक्याच्या नकला करून लाइक्स मिळवणारेही कमी नाहीत.

पण वरच्या तीन ओळींचा नियम पुन्हा वाचा. पहिली ओळ सांगते की कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्यानुसार चालतं. ‘मी’ला कुठला प्रत्यय आहे? दिसत तर नाही. ‘त्याने’ आणि ‘तिने’मध्ये ‘ने’ उघड दिसतो. ‘मी’ मात्र ‘मी खातो’मध्येही ‘मी’ आणि ‘मी खाल्ली’मध्येही ‘मी’च. जुन्या मराठीत भूतकाळासाठी ‘म्यां’ असं वेगळं रूप होतं, काही खेड्यांत ते अजून ऐकू येतं. प्रमाण मराठीत ते ‘मी’त विरघळलं. नियम राहिला, त्याची खूण गेली. म्हणजे ‘मी काम केलो’ म्हणणारा दिसतं त्याप्रमाणे नियम लावतो आहे. उलट ‘मी काम केलं’ म्हणणाऱ्याला जे दिसत नाही ते लक्षात ठेवावं लागतं.

शेजाराचाही हात आहेच. दख्खनी उर्दूतून ‘ने’ जवळपास गेला आणि ‘मैं रोटी खाया’ असं रूप आलं. शतकानुशतकं कन्नड आणि तेलुगूच्या सोबतीत राहिल्यावर असं होणं नवलाचं नाही. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड हे गाव तर जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवलं जातं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूवर लेख लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात वावरून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाजागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. शब्द ज्याचे त्याचे, सांगाडा सामाईक.

परीक्षेत ‘मी काम केलो’ लिहिलं तर गुण जातील, कारण परीक्षा प्रमाण भाषेची आहे. ते मुलांना सांगायलाच हवं. पण ‘तुला मराठी येत नाही’ असं त्यावरून म्हणणं म्हणजे साडेतीन जिल्ह्यांना मराठी येत नाही असं म्हणण्यासारखं आहे.

जगात आणखी कुठे कर्माचा मान ठेवला जातो?

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘निनाकिसोमा किताबु’ म्हणजे ‘मी ते पुस्तक वाचतोय’. मधला ‘कि’ हा पुस्तकाचा प्रतिनिधी, थेट क्रियापदाच्या पोटात बसलेला. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क भाषेत देणारा, दिलेली वस्तू आणि घेणारा या तिघांचीही नोंद एका क्रियारूपात होते. हंगेरियनमध्ये कर्म ‘कुठलं तरी घर’ असेल तर एक रूप आणि ‘ते ठरावीक घर’ असेल तर दुसरं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर कृदन्ताला स्त्रीलिंगाचं ‘ई’ लावावं लागतं. बोलताना ते बहुतेकदा ऐकूच येत नाही, त्यामुळे फ्रेंच मुलांचे शुद्धलेखनाचे गुण तिथे जातात. लाल रेघ फक्त मराठी वहीत पडते असं नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे मराठीशीही नातं नाही आणि कन्नडशीही नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे ७ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. कोरकूत क्रियापदावर कर्माची खूण येते, पण ती कर्म सजीव असेल तेव्हा. माणूस किंवा जनावर असेल तर क्रियापद दखल घेतं, दगड-लाकडाची घेत नाही. डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांनी या भाषेचं व्याकरण लिहिलं आहे.

मराठीत नेमकं उलट आहे. कर्म माणूस असेल तर त्याला ‘ला’ लागतो आणि क्रियापद त्याच्यापासून तुटतं. निर्जीव वस्तूला ‘ला’ सहसा लागत नाही, आणि क्रियापद वस्तूच्या मागे जातं. जनावरं मधे आहेत. ‘मांजरीने उंदीर पकडला’ चालतं, ‘मांजरीने उंदराला पकडलं’ही चालतं.

मग विषाणू सजीव की निर्जीव?

हा जीवशास्त्रातला जुना वाद. विषाणूला स्वतःची पेशी नाही, पेशीबाहेर तो नुसता पडून असतो आणि यजमान पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. मराठी व्याकरणातही तो असाच उंबरठ्यावर बसलेला आहे.

२०२० आठवा. मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा केला. ‘वेगळा केला’. विषाणूला प्रत्यय नाही, क्रियापद त्याच्या मागे. नमुना, पट्टी, नळी यांच्यासारखीच प्रयोगशाळेतली एक वस्तू. त्याच वेळी रस्त्यावरच्या फलकांवर होतं ‘करोनाला हरवू या’. इथे ‘ला’ आला. करोना हे नावासारखं वापरलं जात होतं हे एक कारण. पण दुसरंही आहे. हरवायचं तर समोर कोणी तरी असावा लागतो, आणि ‘कोणी तरी’ म्हटलं की मराठी ‘ला’ लावते. शत्रू झाला की विषाणूला माणसाचा प्रत्यय मिळतो.

यजमानाच्या बाजूनेही तेच. ‘विषाणूने पेशी फोडली’ म्हणताना पेशी ही वस्तू. ‘विषाणूने रुग्णाला गाठलं’ म्हणताना ‘ला’ टाळताच येत नाही. क्षयाच्या जिवाणूची गोष्ट सांगताना ही अडचण जास्त जाणवते. शरीरातली भक्षक पेशी क्षयाचा जिवाणू गिळते, पण त्याला मारू शकेलच असं नाही. तो तिच्या आतच तग धरतो, कधी वर्षानुवर्षं. ‘पेशीने जिवाणू गिळला’ या वाक्यात जिवाणू घासासारखा वाटतो. ‘पेशीने जिवाणूला गिळलं’ म्हटलं की आत गेलेला पुढे काही तरी करणार, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. प्रयोगशाळेतलं सत्य दुसऱ्या वाक्याच्या जवळचं आहे.

खडकीला लागूनच गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. सूक्ष्मजीव जपून ठेवणारं राष्ट्रीय केंद्र याच संस्थेचा भाग. भारतीयांच्या आतड्यात कोणते जिवाणू राहतात, यावरही इथे काम झालं आहे. अशा संशोधनाची बातमी मराठीत येते तेव्हा आणखी एक पेच असतो. ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ या शब्दांचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच. ‘संशोधकांनी नवा जिवाणू शोधला’ की ‘नवे जिवाणू शोधले’? ‘नवा’ किंवा ‘नवे’ मथळ्यातून जागेअभावी उडालं तर एक सापडला की अनेक, हे सांगणारं उरतं फक्त क्रियापद. शोधला म्हणजे एक, शोधले म्हणजे अनेक. आणि उपसंपादकाने ‘जिवाणूला शोधले’ असं केलं, तर जिवाणू एकच असूनही घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ‘शोधले’ तेवढं दिसतं आणि अनेक सापडल्याचा समज होतो.

औषधाच्या पत्रकातही हा फरक क्षुल्लक नसतो. ‘बुरशी मारली’ यात संदिग्धता नाही, बुरशी स्त्रीलिंगी आहे. ‘जंतू मारला’ आणि ‘जंतू मारले’ यात मात्र एका मात्रेने आकडा बदलतो.

फोनला हे जमतं का?

बऱ्यापैकी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे पुढचा शब्द सुचवणाऱ्या कीबोर्डने तोवर कर्म पाहिलेलं असतं. ‘मी पोळी’ टाइप केल्यावर ‘खाल्ली’ सुचवायला त्याला फार डोकं लागत नाही. पण कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये सात-आठ शब्द घुसले, किंवा जवळ दुसरंच एखादं नाम आलं, की अंदाज ढासळतो.

इंग्रजीतून भाषांतर करताना खरी कसोटी लागते. इंग्रजीत ‘मी पाठवलं’ या क्रियापदावर कर्माची कुठलीच खूण नसते. यंत्राला मराठी नामाचं लिंग आधी ठरवावं लागतं आणि मग क्रियापद वळवावं लागतं. तमिळ-तेलुगू बोलणारं मूल जिथे अडतं, नेमकं तिथेच. ‘ला’ लावायचा की नाही हा निर्णयही यंत्राला स्वतः घ्यावा लागतो, कारण मूळ वाक्य त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांनी औषधाला दिले’ यासारखी वाक्यं स्क्रीनवर उगवतात. आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला बहुतेक प्रमाण मराठीचं खाद्य मिळालेलं असेल, तर सोलापूरचा ‘केलो’ ती परस्पर ‘केलं’ करून टाकू शकते, आणि बोलणाऱ्याला आपलं वाक्य दुरुस्त झाल्याचं कळतही नाही.

परक्या शब्दांचं लिंग मात्र माणसांनीही पक्कं केलेलं नाही. बस पकडली आणि फोन केला यावर एकमत आहे. ई-मेलवर नाही. कोणी ई-मेल ‘पाठवला’ म्हणतं, कोणी ‘पाठवली’. रीलचंही तसंच. एकाच घरात भावाने रील ‘पाहिला’ आणि बहिणीने ‘पाहिली’ असं चालू असतं आणि आजी विचारते, ‘रील बघून झालं का?’